शिध्यावरचं जगणं

ऑगस्ट 2017 नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. आधीचे धरून कॉक्स बाजारच्या छावण्यांत आज दहा लाखांहून अधिक माणसं राहतात, तीही बांबू-ताडपत्रीच्या खोपटांत. पक्कं बांधू द्यायचं नाही, हे सरकारी धोरण. त्यामुळे पावसात टेकडी खचली की पुन्हा तोच बांबू, तीच ताडपत्री, आणि मदतसंस्थांचा पैसा डागडुजीत. रीतसर रोजगारालाही मनाई, म्हणजे चूल पेटणार ती देणगीदारांच्या मर्जीवर. 2023 मध्ये निधी आटला, तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमाने माणशी महिन्याचा शिधा 12 डॉलरवरून आधी 10 आणि मग 8 डॉलरवर आणला. पुढे तो वाढवला, पण भरवसा उरला नाही.

काम करू दिलं तर हे लोक परत जाणार नाहीत आणि स्थानिकांची रोजी बुडेल, हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. छावण्या आहेत त्या उखिया-टेकनाफ भागात निर्वासितांची संख्या स्थानिकांहून जास्त आहे. पण परतीची वाट अडली आहे ती म्यानमार नागरिकत्व नाकारतो म्हणून, मजुरीमुळे नव्हे. शिवाय बंदी असूनही माणसं चोरून, पडेल त्या दराने राबतातच, आणि स्थानिक मजुराचा भाव पडतो तो यानेच. परवाना दिला तर निदान दर तरी ठरवता येईल. उपाय निघतात, हे सरपणाच्या बाबतीत दिसलं आहे: जंगलं उजाड होत होती, 2018 पासून गॅस सिलिंडर वाटले आणि तोड बरीच थांबली. सिलिंडरचा खर्च मात्र अजून देणगीतूनच निघतो.