टॅब जुना, प्रणाली नवी
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही सरकारी नोकर, शिक्षण डिप्लोमापर्यंतचे. त्यामुळे विद्वत्तेचे व्याख्यान आमच्याकडून होणार नाही. हाताने केलेल्या कामाबद्दल मात्र चार शब्द सांगू शकतो.

आमच्याकडे गुजरात सरकारात ५८व्या वर्षी निवृत्ती. माणूस धडधाकट असला तरी आदेश निघाला की खुर्ची सोडायची. टॅबचेही तसेच आहे. पडदा स्वच्छ, आवाज खणखणीत, पण कंपनीने अपडेट देणे थांबवले की एकेक अ‍ॅप चालेनासे होते आणि सुरक्षेची भोकेही बुजवली जात नाहीत. मग तो टॅब कपाटात जातो, नाहीतर भंगारवाल्याकडे.

गूगलचा नेक्सस ७ हा टॅब घ्या. त्याची दुसरी आवृत्ती २०१३ साली अँड्रॉइड ४.३ घेऊन बाजारात आली. रॅम २ जीबी, पडदा सात इंची. कंपनीकडून त्याला शेवटचे मिळाले ते अँड्रॉइड ६.०.१. पण जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनिएजओएस या प्रकल्पाने याच टॅबसाठी अँड्रॉइड ७.१ आणि त्यापुढच्याही आवृत्त्या तयार केल्या. आधीचा सायनोजेनमॉड २०१६च्या डिसेंबरात बंद पडला, त्यातूनच हा प्रकल्प उभा राहिला. म्हणजे यंत्र तेच, आतली ऑपरेटिंग सिस्टिम नवी.

आता काम कसे करायचे ते सांगतो. सगळ्यात आधी नेमके मॉडेल ओळखायचे. वर सांगितलेल्या नेक्सस ७चेच दोन प्रकार आहेत: फक्त वाय-फायवाला, त्याचे सांकेतिक नाव 'फ्लो', आणि सिमकार्डवाला, त्याचे 'डेब'. खोक्यावर नाव एकच असले तरी जी फाइल ज्या प्रकारासाठी बनली आहे, तीच त्यात घालायची. तुमच्या मॉडेलसाठी फाइलच उपलब्ध नसेल, किंवा कंपनीने कुलूप उघडण्याची सोयच ठेवली नसेल, तर नाद सोडावा. बॅटरी फुगलेली दिसली तर टॅबला हातही लावू नये.

मग सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा बोट टेकवायचे. त्याने डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग चालू करायचे. नव्या टॅबमध्ये ओईएम अनलॉकिंगचा पर्याय असतो, तोही चालू करायचा. संगणकावर गूगलची प्लॅटफॉर्म टूल्स उतरवून घ्यायची. त्यात एडीबी आणि फास्टबूट ही दोन अवजारे मिळतात. बूटलोडर म्हणजे टॅब सुरू होताना सर्वांत आधी जागा होणारा दरवान. त्याचे कुलूप फास्टबूटने उघडायचे. त्यानंतर रिकव्हरी नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवायचा, आतले जुने पुसायचे आणि एडीबी साइडलोडने नवी सिस्टिम चढवायची. गूगलची अ‍ॅप्स हवी असतील तर ती त्याच बैठकीत, टॅब पहिल्यांदा सुरू करण्याआधी घालायची. उतरवलेल्या फाइलची हॅश, म्हणजे संकेतस्थळावर दिलेला तिचा लांबलचक आकडा, जुळवून पाहायला विसरू नये. टॅब पूर्ण चार्ज असावा आणि केबल धड असावी. काम चालू असताना ती हलवायची नाही.

सॅमसंगच्या टॅबची रीत थोडी वेगळी आहे, तिथे फास्टबूट चालत नाही. प्रत्येक मॉडेलच्या सूचना आधी पूर्ण वाचाव्यात, मगच हात घालावा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. कुलूप उघडले की टॅबमधले सगळे पुसले जाते. सगळे म्हणजे सगळेच. त्यातून काही परत मिळेल अशी आशा धरू नये. आपल्या घरांतल्या जुन्या टॅबमध्ये काय असते? मुंजीचे, बारशाचे फोटो असतात. आजीने म्हटलेल्या ओव्या असतात. आजोबांनी सांगितलेल्या जुन्या बडोद्याच्या गोष्टी असतात, त्याही गुजराती शब्द बेमालूम मिसळलेल्या आपल्या मराठीत. त्यातली काही माणसे आता नाहीत आणि तो आवाज तेवढ्या एकाच जागी उरला आहे. म्हणून आधी नक्कल काढायची, तीही दोन ठिकाणी: एक संगणकावर, एक पेनड्राइव्हवर. नुसती काढून भागत नाही, उघडून ऐकून पाहायची. त्यानंतर टॅबमधले गूगल खाते काढून टाकायचे. अँड्रॉइड ५.१पासून ते न काढता टॅब पुसला, तर पुढे जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला जाऊ शकतो. तो आठवत नसेल तर पंचाईत.

काय गमवावे लागते तेही सांगितले पाहिजे. कुलूप उघडलेल्या टॅबवर बँकांची बरीच अ‍ॅप्स चालत नाहीत. काही ठिकाणी चित्रपट कमी स्पष्ट दिसतात. वॉरंटीवरही पाणी सोडावे लागू शकते. म्हणून रोजच्या व्यवहाराच्या टॅबवर हा प्रयोग करू नये. कपाटात पडलेल्यावर करावा.

असा टॅब मग कशाला उपयोगी पडतो? वाचायला. मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. अक्षर मोठे करता येते, चष्म्याचा नंबर वाढलेल्यांना ते सोयीचे पडते. सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे संस्थानातून पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. आपल्या घरातला निवृत्त टॅबही तशीच एक छोटी पेटी होऊ शकतो, आणि आजींच्या ओव्याही त्यात परत ठेवता येतात.

विसर्जनानंतर ज्यांना इच्छा असेल त्यांनी जुना टॅब आणि त्याची केबल घेऊन मंडळात यावे. आम्ही सोबत बसून काम करू, पैसे घेणार नाही. अट एकच: फोटो आणि आवाज आधी दुसरीकडे ठेवून या. ते जमत नसेल तर पहिल्या दिवशी तेवढेच करू. सिस्टिम पुढच्या आठवड्यात बदलली तरी काही बिघडत नाही.

गणपती बाप्पा मोरया!