डोळ्यातल्या पाण्याचा निचरा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर सकाळपासून बोलणं झालं. आता दहा मिनिटं डोळ्यांवर बोलू. तुम्ही म्हणाल, शेतीचं शिकलेल्या माणसांना डोळ्यातलं काय कळतं? आम्ही डॉक्टर नाही. पण निचरा आणि खर्चाचा हिशेब आम्हाला कळतो, आणि काचबिंदूची गोष्ट या दोन्हींची आहे.

आमच्या सभांना एक म्हातारे शेतकरी नेहमी पुढे बसायचे. चालताना ते दाराच्या चौकटीला धडकू लागले. गाव म्हणालं, मोतीबिंदू आहे, पिकला की काढू. दोन वर्षं पिकायची वाट पाहिली. तपासलं तेव्हा कळलं, काचबिंदू होता आणि एक डोळा गेला होता. मोतीबिंदू काढला की बहुतेकांना पुन्हा दिसू लागतं. काचबिंदूनं गेलेली नजर कोणीही परत आणू शकत नाही. उरलेली तेवढी राखता येते.

डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि कडेच्या बारीक जाळीतून निघून जातं. काळ्या रानात चर बुजला की पाणी तुंबतं, मुळं गुदमरतात. तसंच इथं. जाळीतून निचरा कमी झाला की दाब वाढतो आणि नजरेची नस हळूहळू मरते. दुखत नाही. आधी कडेची नजर जाते, म्हणून ध्यानात येत नाही.

यावर नेहमीचा पहिला इलाज म्हणजे थेंब. रोज टाकायचे, जन्मभर टाकायचे. आपल्या हाती पैसा येतो कापूस विकल्यावर. जूनमध्ये बियाणं घ्यायचं की बाटली? बाटली राहते. थेंब बंद केले तरी दुखत नाही, म्हणून चूक कळत नाही.

दुसरा इलाज लेझरचा. डोळा बधिर करून त्या जाळीवर प्रकाशाचे बारीक ठोके देतात. चिरफाड नाही, काम काही मिनिटांचं, माणूस त्याच दिवशी घरी. पूर्वी हा इलाज थेंबांनी भागलं नाही तर करत. तो आधीच केला तर? ब्रिटनमध्ये ७१८ नव्या रुग्णांवर हे तपासलं. निकाल २०१९ साली आला. आधी लेझर घेतलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय आटोक्यात होता. दाब उतरवायला शस्त्रक्रिया लागली ती थेंबवाल्यांपैकी ११ जणांना, लेझरवाल्यांपैकी एकालाही नाही. २०२२ पासून तिथल्या सरकारी मार्गदर्शनात अशा बहुतेक नव्या रुग्णांसाठी लेझर पहिला आला.

ब्रिटन श्रीमंत म्हणाल, तर टांझानिया घ्या. तिथं किलिमांजारो भागातल्या रुग्णालयात टिमोलॉल हे थेंब आणि लेझर यांची तुलना झाली. २०२१ च्या निकालात, वर्षभरानंतर थेंबांनी ३१ टक्के डोळ्यांत यश आलं, लेझरनं ६१ टक्के.

पण लेझर म्हणजे जादू नव्हे. त्याचा परिणाम काही वर्षांनी ओसरू शकतो, मग पुन्हा करावं लागतं किंवा थेंब लागतात. चर एकदा साफ केला म्हणून कोणी कायमचं निर्धास्त राहत नाही. दाब मोजत राहावंच लागतं. काचबिंदूची दुसरी एक जात आहे, तिच्यात निचऱ्याची वाटच मिटते. तिला इलाज वेगळा. आपली जात कोणती, हे डॉक्टरच सांगतील. आणि आज जे थेंब टाकताहेत त्यांनी हे भाषण ऐकून ते बंद करू नयेत.

मग करायचं काय? चाळिशी ओलांडलेल्यांनी डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्यावी. आईबाप किंवा सख्ख्या भावंडांत काचबिंदू असेल तर आधी. घरातल्या बाईचा डोळा सगळ्यात शेवटी तपासला जातो, तो या वेळी पहिला तपासा. फवारणीनंतर डोळे लाल झाले म्हणून दुकानातून मनानं थेंब आणू नका. स्टेरॉइडचे थेंब बरेच दिवस टाकले तर त्यांनीच दाब वाढतो. काचबिंदू निघाला तर डॉक्टरांना विचारा, "आम्हाला आधी लेझर चालेल का?"

आणि आपण सगळे मिळून जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाला विचारू: हे यंत्र इथं आहे का, ते चालवणारा माणूस आहे का, नसेल तर कधी येणार? रस्त्यासाठी आणि विजेसाठी आपण अर्ज देतो. नजरेसाठी आजवर दिला नाही. तो अर्ज आज या बैठकीतच लिहून, सह्या करून उठू.