घडी बदला

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांत व्हीलचेअरवर किंवा पलंगाच्या कडेला बसून जे मला ऐकतायत त्यांच्याशी बोलायचंय. आणि त्याहून जास्त, त्यांच्या घरच्यांशी.

लोकलमधून पडून कुणाच्या मणक्याला मार बसतो, कुणाचा पाय जातो. कुणाला पोलिओ, कुणाला पक्षाघात. हॉस्पिटल होतं, फिजिओथेरपीही होते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझा संबंध इथे संपतो आणि खरी अडचण इथूनच सुरू होते. ‘तू बस, पाणी मी आणते.’ ताट हातात, मोबाइल हातात. माया आहे, मला कळतं. पण या मायेनं काय होतं?

तुमच्या कपाटात लग्नातला शालू असेल. जपायचा म्हणून मलमलीत गुंडाळलेला. नेसला नाही म्हणून टिकला का? नेमका घडीवर विरला. म्हणून तर घरातल्या जाणत्या बायका तो अधूनमधून बाहेर काढायच्या, वारा द्यायच्या आणि घडी बदलून ठेवायच्या. दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाचे खुबे, गुडघे, घोटे एकाच घडीत पडून असतात. स्नायू आखडतात, सांधे सरळ होईनात, बसल्या जागी जखमा होतात. मग वजन, साखर, रक्तदाब. यातलं बरंचसं अपंगत्वानं होत नाही हो, न हलण्यानं होतं!

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये व्यायामाबद्दल जे मार्गदर्शन काढलं, त्यात प्रथमच दिव्यांगांसाठी स्वतंत्र शिफारशी आल्या. मोठ्यांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं. आकडा ऐकून रेडिओ बंद करू नका! कॅनडातल्या कॅथलीन मार्टिन गिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख 2021 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. व्यायामाचं हे प्रमाण गाठण्याची शक्यता दिव्यांगांमध्ये इतरांपेक्षा 16 ते 62 टक्क्यांनी कमी, असं त्यात आहे. पण 150 मिनिटं झाली नाहीत तरी फायदा होतो, हेही आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्यांसाठी त्यांनी आधीच, 2018 मध्ये, सुरुवातीचं प्रमाण दिलं होतं : धाप लागेल असा व्यायाम वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा, आणि दोनदा ताकदीचा. पुन्हा सांगते. वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा. घडी बदलायला एवढं पुरतं.

कसं करायचं? खुर्ची भिंतीला टेकवा, ब्रेक लावा. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पाण्यानं भरून हातात घ्या. रेडिओवर गाणं लावा आणि हात पुढे, वर, बाजूला. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग. मध्येच दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर रेटून बूड उचला, थोडं थांबा, हळूच खाली. मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर एकदम डोकं ठणकलं, घाम फुटला की लगेच थांबायचं, ताठ बसायचं आणि तातडीनं डॉक्टर गाठायचे. त्यांना विचारल्याशिवाय सुरुवातच करू नका.

‘आमच्याच्यानं कुठलं होणार?’ असं म्हणणाऱ्यांनी दादरच्या शिवाजी पार्कवरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर आठवावं. तिथे उदय देशपांडे सरांनी अंध मुलींना मल्लखांब शिकवला. मल्लखांब! लाकूड चाचपत, हातापायांनी समजून घेत त्या मुली वर चढल्या. सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांना 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक आणलं. पदक राहू द्या. मला तुमच्याकडून वीस मिनिटं हवीत.

आता घराबाहेरचं. उद्यानात ओपन जिम असते, पण दुचाकी शिरू नये म्हणून फाटकात लोखंडी दांडे रोवलेले असतात. दुचाकीसोबत व्हीलचेअरही बाहेरच राहते. खेळात भाग घेण्याचा हक्क दिव्यांगांसाठीच्या 2016 च्या कायद्यानं दिलाय, त्यासाठी सोयी करणं सरकारचं काम आहे. पण एक दांडा काढून घ्यायला नगरसेवकाला अर्ज द्यायचं काम आपलं. सोसायटीच्या सभेत पायऱ्यांजवळ व्हीलचेअरसाठी उतरण करण्याचा विषय निघाला की ‘एका माणसासाठी खर्च?’ म्हणणारे आजोबा दोन वर्षांनी स्वतःच वॉकर घेऊन त्या पायऱ्यांशी उभे असतात.

आणि विशेष मुलं. त्यांच्यासाठी ठाणे महापालिकेची ‘जिद्द’ शाळा आहे. अशा शाळांत असेपर्यंत मुलं नाचतात, पळतात. शाळेचं वय संपलं की? पंचविशीतला मुलगा दिवसभर टीव्हीपुढे. त्याच्या आईला कुणी सांगतच नाही की संध्याकाळी त्याला तलावपाळीला घेऊन जा, लोक बघतात तर बघू देत, त्याला भरभर चालव. यावर खरं तर वेगळं बोलायला हवं. काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय. जाता जाता, मधुमेहाचं इन्सुलिन चालू असेल तर रिकाम्या पोटी व्यायाम नको, साखर जवळ ठेवा, आणि वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा.