स्वयंपाकघराचे नूतनीकरण : कामातील चुका आणि त्यांचे निवारण

(दौंड तालुक्यातील कासुर्डी येथे ग्रामस्थांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपल्यापुढे जो विषय मांडणार आहे, तो प्रथमदर्शनी फार लहान वाटेल. धरण, कालवा, रस्ता यांच्या कामातील चुकांविषयी आपण चावडीवर तासन् तास बोलतो. परंतु घरातील स्त्री आयुष्याची निम्मी वर्षे जेथे उभी राहून काढते, त्या स्वयंपाकघराच्या कामात चूक झाली, तर ‘झालं ते झालं, आता काय फोडायचं?’ असे म्हणून आपण गप्प बसतो. ते गप्प बसणे किती महाग पडते आणि त्याऐवजी काय करता येते, याचा विचार आज करू.

कासुर्डी हे पुणे–सोलापूर महामार्गालगतचे, यवतच्या शेजारचे गाव. खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याने या भागात ऊस आणला आणि उसाच्या पैशाने घरे बदलली. मातीच्या भिंती गेल्या, स्लॅब आला. स्वयंपाकघर मात्र सर्वांत शेवटी बदलले; कारण तेथे चूल होती आणि चूल जमिनीवर होती. 2016 साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर ज्या घरांत पूर्वी गॅस नव्हता, तेथेही तो पोहोचू लागला. गॅस आला की ओटा हवा. ओटा आला की मोरी, नळ, सांडपाण्याचा पाइप आणि विजेचे पॉइंट हवेत. बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु ज्या मिस्त्रीने आयुष्यभर भिंती बांधल्या, त्याला स्वयंपाकघर बांधता येतेच असे नाही. आणि आपल्यालाही काय मागावे हे ठाऊक नसते. चुकांचा उगम येथे आहे.

एक जुना धडा

या बाबतीत आपल्या देशाने एक धडा पूर्वीच घेतला आहे. 1983 साली केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. धुरामुळे स्त्रियांचे डोळे आणि फुप्फुसे बिघडतात, म्हणून निर्धूर चूल घरोघर बांधावी, असा त्याचा उदात्त हेतू होता. 2002 पर्यंत चाललेल्या या कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बांधल्या गेल्या. तथापि त्यांतील पुष्कळशा चुली लवकरच वापरातून गेल्या. कोठे चुलीचे तोंड घरातल्या भांड्याला जुळेना, कोठे धुराडे तुंबले, कोठे बांधणीचे माप चुकल्यामुळे धूर बाहेर जाण्याऐवजी आतच कोंडू लागला. चुली किती बांधल्या हे मोजले गेले. त्यांवर भाकरी नीट भाजते का, हे पुरेसे मोजले गेले नाही. काम पूर्ण होणे आणि काम उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून शिकायचे.

आमच्या घरची गोष्ट

हा धडा मला पुस्तकात ठाऊक होता. अनुभवाने तो फार पुढे समजला. मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले, त्या वर्षीच्या ऊसबिलातून आम्ही गावातल्या घराचे स्वयंपाकघर नवे करावयाचे ठरवले. काम ओळखीच्या एका मिस्त्रीला उक्ते दिले. कागद केला नाही. ‘घरचाच माणूस आहे, कागद कशाला?’ असे आम्हीच म्हणालो. ऐन एप्रिलमध्ये तीन आठवड्यांत काम संपले, कडाप्पा चकचकीत दिसू लागला आणि आम्ही सत्यनारायणही घातला.

आठ दिवसांनी सत्य कळू लागले. मोरीचे पाणी उतरेना, कारण भिंतीतला पाइप बाहेरच्या बाजूला वर चढला होता. मिक्सरचा पॉइंट नळाच्या बरोबर वर, हातभर अंतरावर घेतला होता. सिलिंडरसाठी ओट्याखाली केलेल्या कप्प्याला वारा जाण्यासाठी जाळीच ठेवली नव्हती. आणि ओटा पस्तीस इंच उंच झाला होता. माझ्या सासूबाईंची उंची चार फूट दहा इंच. शेगडीवरच्या पातेल्यात डोकावायला त्यांना टाचा उंचवाव्या लागत. पंधरा दिवसांत त्यांचा उजवा खांदा धरला. एके दिवशी उकळते दूध उतरवताना पातेले कलंडले आणि हातावर सांडले. त्या म्हणाल्या, “माझी चूल बरी होती गं.” तीन महिन्यांचा खर्च आणि वर्षभराचे बिल घालून आम्ही घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे स्वयंपाकघर तिच्यापासून हिरावून घेतले होते.

आमचा पहिला उद्योग म्हणजे मिस्त्रीला फोनवर वाटेल ते बोलणे. त्याने फोन उचलणे बंद केले. राहिलेले पैसे आम्ही अडवले, त्याने येणे टाळले. महिनाभर असेच गेले. त्यानंतर मी शिक्षिकेच्या सवयीने वही काढली आणि एकेक चूक मापासह लिहिली. पाइपाला उतार किती हवा, आहे किती. ओटा किती उंच, घरच्यांची उंची किती. यादीच्या खाली राहिलेले पैसे किती आहेत तेही लिहिले आणि त्याच्या घरी जाऊन यादी हातात दिली. आवाज चढवला नाही. तो यादी वाचून म्हणाला, “बाई, पाइपाचं माझंच चुकलं. पण ओट्याचं माप तुम्ही मला दिलंच नव्हतं. पुण्यात सगळीकडं एवढाच असतो.”

त्याचे म्हणणे खरे होते. माप आम्ही दिले नव्हते. तेव्हा तेथेच ठरले : पाइप, वायरिंग व जाळी तो स्वतःच्या मजुरीने पुन्हा करील, ओट्याचा शेगडीखालचा भाग तीन इंच खाली घ्यायचा, त्यातला माल आमचा आणि मजुरी त्याची. तसा कागद दोघांच्या सह्यांनी झाला आणि दहा दिवसांत काम झाले. आजही तो आमच्याकडे हक्काने चहाला येतो.

कोणती चूक कोणत्या प्रकारची?

या अनुभवातून मला उमगलेली पहिली गोष्ट अशी की, सर्व चुका सारख्या नसतात. त्यांचे तीन वर्ग करावेत.

पहिला वर्ग जिवाला धोका करणाऱ्या चुकांचा. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी जाळी हवीच. सिलिंडर उभा असावा आणि शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर असावी. विजेचा पॉइंट पाण्याच्या नळापासून दूर असावा, अर्थिंग खरोखर जोडलेले असावे आणि वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. या चुकांत तडजोड नाही. त्या दुरुस्त होईपर्यंत स्वयंपाकघर वापरूच नये.

दुसरा वर्ग घराचे व शरीराचे नुकसान करणाऱ्या चुकांचा. सांडपाण्याच्या पाइपाला एका फुटाला पाव इंच उतार लागतो. मोरीखाली पाणी धरून ठेवणारा वाकडा ट्रॅप नसेल, तर गटाराची दुर्गंधी घरात येते. ओट्याच्या स्लॅबला पाणी कमी मारले, तर तो भेगाळतो. भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटचे किंवा कडक उन्हाळ्यातले काँक्रीट किमान दहा दिवस ओले ठेवावे लागते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत भिजवलेले गोणपाट अंथरून ते ओले राखावे. ओट्याची उंचीही याच वर्गात येते. उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे. कोपरापासून जमिनीपर्यंतच्या अंतरातून सुमारे चार इंच वजा करावेत. ते त्या घरच्या ओट्याचे माप. शेगडीखालचा भाग याहूनही थोडा खाली असल्यास उत्तम. या वर्गातील चुका दुरुस्तच करून घ्याव्यात.

तिसरा वर्ग केवळ डोळ्यांना खटकणाऱ्या चुकांचा. फरशीची रेघ सरळ नाही, रंग थोडा वेगळा आला, दर्जा जाड भरल्या. यासाठी चांगली फरशी फोडणे शहाणपणाचे नाही. हिशेबात रक्कम कमी करून विषय मिटवावा.

चूक होण्यापूर्वी

झालेली चूक निस्तरण्यापेक्षा ती होऊ न देणे केव्हाही स्वस्त. काम देण्यापूर्वी एका कागदावर नकाशा काढावा. त्यात ओट्याची उंची, मोरीची जागा, पॉइंटच्या जागा आणि पाइपाची दिशा लिहावी. सिमेंट, पाइप, वायर कोणत्या प्रतीची व आयएसआय चिन्हाची, माल कोणाचा, मुदत किती, हेही नोंदवावे. मध्येच आपला विचार बदलला, तर तो बदल आणि त्याचा जादा खर्च त्याच कागदावर चढवावा. पुष्कळ भांडणांचे मूळ मिस्त्रीच्या चुकीत नसून आपल्या तोंडी बदलांत असते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि साधारण दहावा हिस्सा काम संपल्यावर महिनाभर हातात ठेवावा. हे आरंभीच सांगितले, तर त्यात अपमान नाही. शेवटी सांगितले, तर ती अडवणूक ठरते. रोख दिलेल्या रकमेची पावती घ्यावी. पाच हजारांहून अधिक रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट लावावे.

पाइप आणि वायर भिंतीत गाडण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे. गिलावा होण्याआधी पाइपातून बादलीभर पाणी सोडून पाहावे. पातळी पाहायला पाण्याची नळी, भिंत पाहायला ओळंबा आणि कोपरा पाहायला गुण्या ही साधने प्रत्येक मिस्त्रीजवळ असतात. ती आपल्यासमोर लावायला सांगावीत. फरशीवर नाण्याने टिचकी मारावी. पोकळ आवाज आला, तर खाली माल भरलेला नाही असे समजावे. आणि घरातली जी स्त्री तेथे काम करणार, तिला कामाच्या वेळी तेथे उभे करावे. आमच्याकडे सर्व मापे पुरुषांनी ठरवली आणि सासूबाईंना कोणी विचारलेच नाही. खरी पहिली चूक ती होती.

समजूत होत नसेल तर

एवढे करूनही ठेकेदार दाद देत नसेल, तर कायदा आपल्या पाठीशी आहे. महाराष्ट्राला याचा अभिमान वाटावा, कारण ग्राहक चळवळीची मुळे येथे खोल आहेत. 1974 साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, 1986 साली आला. 1993 च्या दुरुस्तीने ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येत गृहबांधणीचा स्पष्ट समावेश झाला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात, घरबांधणी ही सेवा असून तीत त्रुटी राहिल्यास ग्राहकाला दाद मागता येते, असा निर्णय दिला. 2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला आहे आणि त्यातही ही तरतूद कायम आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. काम उक्ते दिले असेल, म्हणजे ठरावीक रकमेत ठरावीक काम करून देण्याची जबाबदारी ठेकेदाराने घेतली असेल, तर ती सेवा ठरते. परंतु आपल्याच देखरेखीखाली, आपण सांगू तसे, रोजंदारीवर माणूस लावला असेल, तर तो वैयक्तिक सेवेचा करार मानला जाऊ शकतो आणि तो या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

प्रथम चुकांची यादी आणि दुरुस्तीची मुदत लेखी कळवावी व पोच ठेवावी. तीच कामे दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च पहिल्याकडून वसूल करावयाचा असेल, तर विशिष्ट सहाय्य कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीप्रमाणे किमान तीस दिवसांची लेखी नोटीस आवश्यक आहे. मात्र वाढणारे नुकसान थांबवणे हे आपलेही कर्तव्य आहे. गळती चालू ठेवून भरपाईचा आकडा फुगवता येत नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक विनामूल्य आहे. तेथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पन्नास लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या कामाची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते, आणि तो मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, वकील देणे सक्तीचे नाही आणि मध्यस्थीचीही सोय आहे. मात्र तेथे आवाज किती चढवला हे कोणी पाहत नाही. कागद, पावती, छायाचित्र पाहतात.

शेवटी एकच सांगते. मिस्त्री आपला शत्रू नाही. तोही याच पंचक्रोशीतला, याच कालव्याचे पाणी पिणारा आहे. त्याचे चुकले तर त्याला चूक दाखवावी, दुरुस्तीची संधी द्यावी, आणि काम चांगले झाले तर चार ठिकाणी त्याचे नाव सांगावे. चांगल्या कामाची मागणी गावाने केली, तरच गावात चांगले कारागीर तयार होतील.

माझ्या सासूबाई आता ओट्यापाशी टाचा न उंचावता उभ्या राहतात. आपल्या घरात अशी जी कोणी माउली असेल, तिच्या कोपराचे माप आज घरी गेल्यावर घ्या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.

जय हिंद! जय महाराष्ट्र!