दाढेतली चांदी



आज समोर बसलेल्या अनेकांच्या दाढेत एक काळपट राखाडी तुकडा असेल. ‘चांदी भरून घेतली’ असं आपण सांगतो, आणि दवाखान्याच्या बिलावरही बरेचदा तसंच लिहिलेलं असतं. पण त्या तुकड्याचं वजन केलं तर साधारण निम्मा भरेल तो पारा. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील, तांबं आणि क्वचित चिमूटभर जस्त. आम्ही दंतवैद्य त्याला अमाल्गम म्हणतो.

ही युक्ती जुनी आहे. इ.स. 659 च्या चिनी औषधिग्रंथात अशा लगद्याचा उल्लेख सापडतो. युरोपात 1826 च्या सुमारास पॅरिसच्या ऑग्युस्त ताव्होनं चांदीची नाणी किसून ती पाऱ्यात कालवली. 1833 मध्ये क्रॉकूर बंधूंनी तोच माल न्यूयॉर्कला नेला आणि त्याला भारदस्त राजेशाही नाव देऊन सोन्याला पर्याय म्हणून खपवला. कीड न काढताच ते दात भरत. प्रामाणिक डेंटिस्ट चिडले, आणि तो राग माणसांवरून पदार्थावर गेला. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या पहिल्या राष्ट्रीय संघटनेनं 1845 मध्ये सभासदांकडून ‘अमाल्गम वापरणार नाही’ अशी शपथ लिहून मागितली. याच भांडणात 1856 मध्ये ती संघटना मोडली. अमाल्गम मात्र टिकलं.

का टिकलं, हे त्याच्या पोटात शिरल्याशिवाय कळणार नाही. डेंटिस्टकडे येणारी भुकटी म्हणजे मुख्यतः चांदी आणि कथील यांचं संयुग: चांदीचे तीन अणू, कथलाचा एक. ती पाऱ्याशी घोटली की प्रत्येक कणाचा वरचा थर पाऱ्यात विरघळतो आणि नवे स्फटिक बनू लागतात. काही चांदी-पाऱ्याचे, काही कथील-पाऱ्याचे. सगळे कण विरघळण्याआधीच मोकळा पारा संपतो. त्यामुळे घट्ट झालेल्या भरणात न विरघळलेले कण नव्या स्फटिकांच्या गाऱ्यात रुतून बसतात, काँक्रीटमधल्या खडीसारखे. ताकद खरी त्या खडीची, म्हणून पारा जितका कमी तितकं भरण चांगलं. आमच्या विद्यार्थिदशेत काचेच्या खलात हे मिश्रण घोटायचं, मग मलमलीच्या फडक्यात धरून जादा पारा पिळून काढायचा, तोही उघड्या हातांनी! फरशीच्या फटींत पाऱ्याचे थेंब चमकायचे आणि कुणालाही त्याचं काही वाटत नसे. पुढे मोजून भरलेल्या कॅप्सूल आणि त्या घुसळणारं यंत्र आलं, ते बरंच झालं.

आता या गोष्टीतला खलनायक सांगतो. तो कथील. चांदी वाढली तर भरण फुगतं, कथील वाढलं तर आक्रसतं. शिकागोच्या जी. व्ही. ब्लॅक यांनी 1890 च्या दशकात चिकाटीनं प्रमाणं बदलून पाहिली आणि भुकटीत सुमारे दोन तृतीयांश चांदी व पाव हिस्सा कथील असा मेळ बसवला. फुगणं-आक्रसणं आटोक्यात आलं. तरी कथील-पाऱ्याचे ते स्फटिक राहिलेच. आम्ही त्यांना गॅमा-टू म्हणतो. सगळ्यात दुबळे आणि सगळ्यात आधी गंजणारे. भरणाची कड झिजून तुटायची ती यांच्यामुळेच. 1963 मध्ये कॅनडात इनेस आणि युडेलिस यांनी भुकटीत चांदी-तांब्याच्या बारीक गोळ्या मिसळल्या. हेतू एवढाच की या कठीण गोळ्यांनी भरण बळकट व्हावं. झालं वेगळंच, आणि त्याहून चांगलं: तांब्यानं कथलाला धरून ठेवलं आणि गॅमा-टू जवळजवळ नाहीसा झाला. योजनेबाहेरचं यश शास्त्रात असं अधूनमधून मिळतं; ते ओळखायला मात्र नजर लागते.

जस्त घातलं जायचं ते धातू वितळवताना ऑक्सिजन शोषून घ्यायला. पण भरताना लाळेचा ओलावा लागला तर त्याच जस्तामुळे हायड्रोजन वायू सुटतो आणि तीन-चार दिवसांनी भरण फुगून दाढ ठणकू लागते. डेंटिस्ट गालात कापसाचे बोळे कोंबतो त्याला हेही एक कारण आहे.

दाबाखाली अमाल्गम भक्कम आहे. दिवसभरात ते 400 मेगापास्कलच्या आसपास दाब पेलू लागतं. ताणाखाली मात्र त्याची ताकद याच्या काही अंशच. पातळ कड तुटते, म्हणून भरण जाड हवं. शिवाय ते दाताला चिकटत नाही, म्हणून खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरावा लागतो. या दोन्हींपायी निरोगी दात कापला जातो, आणि माझ्या मते अमाल्गमचा सर्वांत मोठा दोष हाच. उलट त्याचा एक गुण विलक्षण आहे. भरण आणि दात यांच्यातल्या सूक्ष्म फटीत त्याचाच गंज साचतो आणि फट बुजते. गंजल्यानं सुधारणारे पदार्थ फार थोडे!

मग पाऱ्याच्या विषाचं काय? चघळताना भरणातून पाऱ्याची किंचित वाफ सुटते, हे खरं. 2006 मध्ये लिस्बन आणि न्यू इंग्लंड इथल्या मुलांवरचे दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. अमाल्गम भरलेल्या मुलांच्या बुद्धीवर वा मज्जासंस्थेवर वाईट परिणाम त्यांत दिसला नाही. तरीही गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांच्याबाबत सावधगिरी सांगितली जाते, आणि ती योग्यच आहे. खरी अडचण तोंडाबाहेर सुरू होते. दवाखान्याच्या मोरीतून कण वाहून जातात. पारा सुमारे 357 अंशांना उकळतो, त्यामुळे चितेवरही तो हवेत जातो. जपानमधल्या मिनामाताला माशांतून माणसांत गेलेला पारा वेगळ्या, अधिक घातक रूपातला होता. पण सांडपाण्यातला साधा पारा जिवाणू त्याच रूपात बदलू शकतात. त्या गावाच्या नावाचा, पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2013 मध्ये झाला, भारतानं तो 2018 मध्ये स्वीकारला. युरोपीय संघानं 2025 च्या सुरुवातीपासून अपवाद वगळता अमाल्गम भरणं थांबवलं आहे.

व्याख्यानानंतर तुम्ही मला गाठून विचाराल: आमची जुनी चांदी काढून टाकू का? कड शाबूत असेल, खालून कीड नसेल, तर राहू द्या. बसलेल्या भरणापेक्षा ते ड्रिलनं उखडताना कितीतरी अधिक वाफ आणि धूळ उडते. काढावंच लागलं तर भरपूर पाणी, जोरदार सक्शन आणि दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा हवा. निघालेला चुरा पाण्याखाली, घट्ट झाकणाच्या बाटलीत जातो का, एवढं आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.