एका शब्दाचा आडोसा

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुम्हाला एका शब्दाची गोष्ट सांगणार आहे. शब्द आपल्या भाषेतला नाही. तो आहे इंडोनेशियातल्या सिमेलुए नावाच्या बेटावरचा, तिथल्या देवायान भाषेतला. शब्द आहे 'स्मोंग'. समुद्र उठून जमिनीवर चालून येतो, त्या लाटेला तिथली माणसं स्मोंग म्हणतात. आपण तिला त्सुनामी म्हणायला शिकलो ते २००४ साली. त्यांना ती त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

सिमेलुए हे सुमात्राच्या पश्चिमेला, आचे प्रांतातलं बेट. आत डोंगर आणि रान, कडेला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात छोटी छोटी गावं. वस्ती बहुतेक मुसलमानांची. मासेमारी, थोडी भातशेती, नारळ, लवंगांची झाडं आणि म्हशी. एखाद्या घराची मालमत्ता मोजायची तर दोन्ही हातांची बोटं पुरावीत : घर, होडी, जाळं, चार म्हशी, लवंगांच्या काही ओळी. पण ज्याच्याजवळ थोडं असतं, त्याचा जीव त्या थोड्यातच अडकलेला असतो. हे मी खेड्यात वाढलेला माणूस म्हणून सांगतो आहे.

४ जानेवारी १९०७. शुक्रवारचा दिवस. मोठा भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र आला आणि किनाऱ्यावरची गावंच्या गावं पुसली गेली. मागे उरलेल्यांनी काय करावं? स्मारक बांधायला पैसा नव्हता, पुस्तक लिहायची रीत नव्हती. त्यांनी ती गोष्ट गाण्यात घातली. 'नांदोंग' नावाचा गाण्याचा प्रकार तिथे आहे. त्यातून, अंगाईतून आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या गोष्टींतून ती पोरांच्या कानांवर पडत राहिली. तिचं सार अगदी साधं. जमीन जोरात हलली आणि मग समुद्र मागे हटला, तर थांबू नका. उघड्या पडलेल्या वाळूवर मासे तडफडताना दिसतील, ते वेचायला जाऊ नका. डोंगराकडे पळा. बस, एवढंच.

२६ डिसेंबर २००४. रविवारची सकाळ, आठ वाजायला दोन मिनिटं कमी. जमीन हलली. भूकंप ९.१ क्षमतेचा, आणि त्याचं केंद्र सिमेलुएच्या अगदी जवळ. बेटाच्या उत्तर टोकाला लांगी नावाचं खेडं आहे, सुमारे आठशे वस्तीचं. हादरे थांबल्यावर दहा मिनिटांच्या आत तिथे दहा मीटरहून उंच लाट आली. दहा मीटर म्हणजे तीन मजली इमारत. त्या वेळी हिंदी महासागरात धोक्याची सूचना देणारी यंत्रणाच नव्हती. असती तरी दहा मिनिटांत कोण कोणाला काय कळवणार? गावात एकच आरोळी उठली, 'स्मोंग! स्मोंग!' आणि माणसं पोरांना काखेत घेऊन, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन टेकडीवर चढली. लाटेनं लांगीतली घरं धुऊन नेली. माणूस एकही गेला नाही.

साऱ्या बेटाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ७८ हजार होती. दगावले ते सात जण. त्याच सकाळी आचेच्या मुख्य भूमीवर दीड लाखाहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. तिथेही भूकंप जाणवला होता आणि तिथे लाट यायला सिमेलुएपेक्षा जास्त वेळ लागला होता. त्यांच्याजवळ फक्त तो शब्द नव्हता. पुढे २००५ साली संयुक्त राष्ट्रांचा ससाकावा पुरस्कार सिमेलुएच्या लोकांना मिळाला. एका आजीच्या गोष्टीला मिळालेला पुरस्कार, असंच मी त्याला म्हणतो.

श्रोतेहो, इथे थोडं थांबू या. पळा म्हणणं सोपं आहे. पळणं सोपं नाही. दार उघडं टाकून, दावणीची म्हैस तशीच सोडून, डब्यातले चार पैसे न घेता माणूस केव्हा पळतो? शेजारीही पळत असेल तेव्हा. आपण पळालो आणि लाट आलीच नाही तर गाव हसेल, अशी भीती नसेल तेव्हा. स्मोंग या शब्दात लाटेचं नाव आहे, हुकूमही आहे आणि परवानगीही आहे. तो कानावर पडला की घरातल्या सुनेला सासऱ्याची आणि सासऱ्याला सरपंचाची वाट पाहावी लागत नाही.

आता माझी गोष्ट. मी लातूर जिल्ह्यातला, किल्लारीच्या भागातला. आमच्याकडे माळवदाची घरं. दगडामातीच्या हातभर रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर मातीचा थर. उन्हापासून, चोरापासून राखण करणारं घर. ज्याचं माळवद जाड, तो खातापिता. १९९२ च्या पावसाळ्यानंतर आमच्या भागात जमिनीतून आवाज यायला लागले, बारीक धक्के बसायला लागले. लोक अंगणात, शेतात झोपायचे. माझी खालाही बाजेवर अंगणातच झोपायची. मी नुकताच बी. ए. झालेलो. शहाणा. मी तिला म्हणालो, "खाला, अंदर सो जाव, कुछ नै होता." गारठा वाढत चालला होता. मी खोटं बोलत नव्हतो, मला खरंच तसं वाटत होतं. पुढे धक्के थांबले आणि सगळेच आत झोपायला लागले.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत आलेली. पहाटे चार वाजायला चार मिनिटं होती. त्या जाड भिंतींनी आणि त्या मातीच्या छतांनी हजारो माणसं घेतली. खालाही त्यात गेली. चोर येऊ नये म्हणून आतून लावलेली कडी तशीच होती.

मी पुष्कळ कविता लिहिल्या. खालावर एकही लिहिता आली नाही. माझी दादी जात्यावर ओव्या म्हणायची. त्यांत माहेर होतं, भाऊ होता, पंढरी होती, पीरही होता. जमीन हलली तर काय करावं, हे त्यांत नव्हतं. त्यात दादीचा दोष नाही. आमच्या भागाला असा भूकंप माहीतच नव्हता. मला सलतं ते वेगळंच. १९९२ साली जमीन आमच्याशी बोलली होती, आणि आमच्याजवळ तिच्यासाठी शब्द नव्हता.

शब्द असून विसरला तर काय होतं, तेही इंडोनेशियानंच दाखवलं. सुलावेसी बेटावर पालू नावाचं शहर आहे. तिथल्या काइली भाषेत जमीन चिखल होऊन घरादारासकट गिळते त्याला 'नालोदो' म्हणतात, आणि समुद्राच्या तीन लाटांना 'बोंबातालू'. म्हणजे वाडवडिलांनी दोन्ही पाहिलं होतं आणि नावं देऊन ठेवली होती. पण शहर वाढलं, जमिनीला भाव आला, बाहेरून माणसं आली, वस्त्या उभ्या राहिल्या. कागदावर प्लॉटला नंबर होता, जुनं नाव नव्हतं. २८ सप्टेंबर २०१८ च्या संध्याकाळी भूकंप झाला. काही मिनिटांत खाडीत लाट आली, आणि बालारोआ व पेटोबो या वस्त्या जमिनीनं गिळल्या. चार हजारांहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. २००४ नंतर देशानं धोक्याच्या सूचनेची यंत्रणा उभारली होती. पण समुद्रात तरंगत ठेवलेली तिची यंत्रं २०१२ पासून बंद पडलेली होती, हे तिथल्या सरकारी अधिकाऱ्यांनीच तेव्हा सांगितलं.

यंत्रं नकोत, गाणी पुरेत, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे कवीचा फाजील अभिमान होईल. २५ ऑक्टोबर २०१० ला सुमात्राजवळच्या मेंतावाई बेटांवर त्सुनामीनं चारशेहून अधिक माणसं मारली. त्या रात्री भूकंप हळुवार जाणवला होता. जोरात हललं तर पळा, हा नियम तिथे पुरला नसता. तिथे यंत्रच हवं होतं. आणि काही संकटं अशी असतात की त्यांच्यासाठी ना यंत्र असतं, ना आरोळी. १९९० च्या दशकात इंडोनेशियात लवंगांच्या खरेदीची मक्तेदारी राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या मुलाच्या हाती गेली. शेतकऱ्यांच्या लवंगांना भाव उरला नाही. १९९८ साली ती मक्तेदारी गेली. समुद्रापासून जीव वाचवणारं गाणं पोटाला मात्र वाचवू शकलं नव्हतं.

तरीही मला लांगीची ती टेकडी आठवत राहते. वर आठशे माणसं, खाली पाण्यात त्यांची घरं. आयुष्यभराची कमाई डोळ्यांदेखत चालली आहे आणि सगळ्यांची मोजदाद पुरी भरते आहे. तीनच महिन्यांनी, २८ मार्च २००५ च्या रात्री, तिथे ८.६ क्षमतेचा दुसरा मोठा भूकंप झाला. किनारा कुठे कुठे दीड मीटर वर उचलला गेला, समुद्रातली प्रवाळं कोरडी पडली. जमीनसुद्धा जागेवर राहत नाही तिथे सातबाऱ्याचा काय भरवसा? पण एकमेकांना हाक मारायची सवय राहिली, की गाव पुन्हा बांधता येतं.

आमच्या घरी आता नातवंडं आहेत. दोघं आहेत, दंगेखोर. त्यांना झोपवताना मी दादीच्या ओव्या म्हणतो. अलीकडे शेवटी एक ओळ माझी जोडतो. जमीन बोलली की दार उघडावं आणि अंगणात यावं, कोणी हसलं तरी यावं, एवढंच तीत आहे. कविता म्हणून ती सामान्य आहे. पण पोरांना पाठ झाली आहे. धाकटी तर परवा मलाच दटावत होती, "दादा, कडी नका लावू."