दोन गुंड्या सूत आणि मोज्यांचा एक जोड

मराठीतील 'विणणे' हा शब्द मोठा उदार आहे. कोष्टी मागावर लुगडे विणतो, कोळी जाळे विणतो, बुरूड टोपली विणतो, आणि घरातील आजी दोन सुया घेऊन नातवाचे टोपडे विणते. या सर्वांना आपण एकाच क्रियापदाच्या पंगतीत बसविले आहे. परंतु मागावरचे विणणे आणि सुयांवरचे विणणे या मुळात दोन निराळ्या कला होत. मागावर उभे धागे ताणून त्यांतून आडवा धागा न्यावा लागतो. त्यासाठी माग हवा, ताणा करण्यास जागा हवी आणि वर्षानुवर्षांचा अभ्यास हवा. सुयांवरच्या कामात एकच अखंड धागा स्वतःच्याच वेढ्यांतून ओढला जातो. त्याला लागणारे सारे साहित्य एका पिशवीत मावते. आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या विणण्याविषयी, आणि त्यातही पायमोज्यांसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूविषयी. या विषयासाठी मी आपणांस सेवाग्रामला नेणार आहे, याचे कदाचित आपणांस नवल वाटेल. वऱ्हाड-नागपूरकडील उन्हाळा ज्याने सोसला आहे तो म्हणेल, की सेवाग्राम आणि पायमोजे यांचा संबंध तरी काय? संबंध आहे तो सुताचा.

गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर वर्ध्याजवळच्या शेगाव या लहानशा खेड्यात राहावयास गेले. बुलढाणा जिल्ह्यातील गजानन महाराजांच्या शेगावशी नावाचा घोटाळा होऊ लागल्यामुळे १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्या वस्तीत सूतकताई हा दिनचर्येचा भाग होता. तेथे सूत मोजण्याची भाषाही ठरलेली होती. चार फुटांचा एक तार, एकशेसाठ तारांची एक लटी, आणि चार लट्यांची, म्हणजे सहाशेचाळीस तारांची, एक गुंडी. ही कोष्टके आपण ध्यानात ठेवावीत, कारण पुढे त्यांचा उपयोग व्हावयाचा आहे.

लोकर किंवा सूत आणावयाचे म्हणजे आपण पैसे घेऊन दुकानात जातो. सेवाग्रामच्या विचाराने या व्यवहाराची दिशाच उलटी केली. १९४५ साली अखिल भारत चरखा संघाने असा नियम केला, की ज्याला खादी विकत घ्यावयाची असेल त्याने किमतीचा काही अंश हातकताईच्या सुताने चुकवावा. म्हणजे सूत ही विकत घेण्याची वस्तू न राहता विकत घेण्याचे साधन बनली! खिशात रुपये खुळखुळत असले, तरी पिशवीत सूत नसेल तर ग्राहकाचे काम अडावे, असा हा नियम होता. पुष्कळांना तो जाचक वाटला. परंतु त्यामागील विचार समजून घेण्यासारखा आहे. १९४४ च्या सप्टेंबरात सेवाग्राम येथे चरखा संघाची जी बैठक झाली, तीत गांधीजींनी खादीकामाची दिशा बदलण्याचा आग्रह धरला होता. गरिबाने कातावे आणि शहरातील श्रीमंताने ते नेसावे, एवढ्याने त्यांचे समाधान होईना. ज्याने कातावे त्यानेच वापरावे आणि ज्याला वापरावयाचे असेल त्याने कातावे, हा त्या नव्या विचाराचा गाभा होता.

विचार थोर खरा, परंतु त्याच्या वाटेत एक व्यावहारिक धोंड होती, आणि ती म्हणजे माग. कापसापासून सुतापर्यंतचा प्रवास कोणालाही आपल्या घरी करता येतो. सरकी काढावी, पिंजावे, पेळू करावे आणि कातावे. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर जी मूलोद्योगी शिक्षणाची योजना निघाली, तीत तर शाळेतील मुलांच्या हाती टकळी देण्यात आली. तथापि सुतापासून वस्त्रापर्यंत जावयाचे म्हणजे विणकराच्या दारी जाणे आले. नवशिक्याचे सूत कोठे जाड, कोठे बारीक, कोठे कच्चे असावयाचे. असे सूत ताण्यावर चढविले की जागोजाग तुटते, आणि ते सांधता सांधता विणकराचा दिवस फुकट जातो. म्हणून तो गिरणीचे सूत मागतो. यावर उपाय म्हणून दोन धागे एकत्र पिळून सूत दुबटण्याचा आग्रह पुढे आला. त्याने सूत बळकट होते हे खरे, परंतु मागाचे परावलंबन त्यानेही संपत नाही.

मोज्यांचे महत्त्व नेमके येथे आहे. मोज्यांना माग लागत नाही. ताण्यावर सुताला जो सततचा ओढा सोसावा लागतो, तो सुयांवर सोसावा लागत नाही. सूत थोडे कमीअधिक जाडीचे असले, तर चार पदर एकत्र पिळताना एका पदराचे उणे दुसरा पदर भरून काढतो. म्हणजे ज्याने कापूस पिंजला, त्यानेच सूत कातावे, त्यानेच पिळावे, त्यानेच विणावे आणि त्यानेच पायांत घालावे, असे हे वस्त्र आहे. वस्त्रस्वावलंबनाचा संपूर्ण धडा एका माणसाच्या दोन हातांत पुरा व्हावा, असे दुसरे वस्त्र शोधून सापडणे कठीण.

कोणी म्हणेल, मोजा ही परकी वस्तू, आणि ती लोकरीचीच शोभते. 'मोजा' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला हे खरे. सुयांवरची कलाही आपल्याकडे काही ठिकाणी बाहेरून आली. हिमाचलातील लाहौल प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरेव्हियन पंथाच्या मिशनरी कुटुंबांनी केलाँग येथे विणकाम शिकविले, आणि आज लाहौलचे लोकरी मोजे हे तेथील स्त्रियांचे भूषण झाले आहेत. परंतु मोजा लोकरीचाच असावा, या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. सुयांवर विणलेल्या ज्या अतिप्राचीन वस्तू आज जगात शिल्लक आहेत, त्यांत ईजिप्तमध्ये सापडलेले मध्ययुगीन मोजे आहेत. ते कापसाच्या सुताचे असून पांढऱ्या व निळीच्या रंगातील नक्षीने विणलेले आहेत. इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र केले ते १५८९ साली, म्हणजे त्या सुती मोज्यांनंतर काही शतकांनी. ज्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचा कापूस एके काळी विलायतेच्या बाजारात आपल्या नावाने ओळखला जात होता, त्या जिल्ह्याने सुती मोज्याला परका मानण्याचे काहीच कारण नाही.

आता सुताच्या निवडीकडे वळू. शहरातील दुकानात 'लोकर' म्हणून जे रंगीबेरंगी गुंडे मांडलेले असतात, त्यांतील पुष्कळशी लोकर मेंढीच्या अंगावरची नसते. ती रासायनिक धाग्याची असते. परीक्षा सोपी आहे. धाग्याचा लहानसा तुकडा चिमट्यात धरून जाळावा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. कापूस कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते. रासायनिक धागा वितळतो आणि त्याची कठीण गुठळी बनते. असा धागा घाम शोषून घेत नाही, म्हणून आपल्या हवेत तो पायाला सुखकर होत नाही. आपल्याकडील धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर घोंगडीला उत्तम, परंतु तिची राठ कूस पायाच्या कातडीला बोचते. म्हणून आपल्या हवेला आणि आपल्या पायाला कापूसच बरा.

सुताची जाडी नंबराने सांगतात. एका पौंडात आठशेचाळीस वारांच्या जितक्या लडी बसतील, तितका त्या सुताचा नंबर. नंबर मोठा तितके सूत बारीक. मोज्यांसाठी दहा नंबरचे सूत घ्यावे आणि त्याचे चार पदर एकत्र करावे. कातताना पीळ ज्या दिशेने दिला असेल, त्याच्या उलट दिशेने हे पदर पिळावे. एकेरी सुताचा मोजा धुतल्यावर तिरपा होतो. उलट पिळाने तो दोष जातो. मग त्याच्या लडी करून सोड्याच्या पाण्यात उकळाव्यात, म्हणजे सुताला जे आकसावयाचे असेल ते विणण्याआधीच आकसेल.

सूत किती लागेल? येथे आपले कोष्टक कामी येते. एक गुंडी म्हणजे सुमारे आठशेपन्नास वार. दोन गुंड्यांचे सतराशे वार झाले. चार पदर केले की पिळण्यातील घट धरून चारशे वारांच्या आसपास जाड सूत हाती येते. मोठ्या माणसाच्या मोज्यांच्या एका जोडाला तेवढे पुरते. वजन म्हणाल तर ते आठ तोळे, म्हणजे नव्वद-ब्याण्णव ग्रॅम. जो माणूस रोज एक लटी कातील, त्याच्या आठ दिवसांच्या कताईत मोज्यांच्या एका जोडाचे सूत तयार होते.

विणण्याची रीत थोडक्यात सांगतो. दोन्ही बाजूंस टोके असलेल्या पाच बारीक सुया घ्याव्यात. चार सुयांवर प्रत्येकी सोळा, असे चौसष्ट टाके घालावे आणि पाचव्या सुईने गोल विणावे. कापसाला लोकरीसारखी लवचीकता नसते. म्हणून सुती मोजा पायावरून घसरतो, ही तक्रार नेहमीची आहे. तिला उपाय दोन. पोटरीचा सर्व भाग दोन सुलट, दोन उलट असा विणावा, म्हणजे विणीतच ताण येतो. शिवाय मोजा पायाच्या मापापेक्षा अंमळ अरुंद ठेवावा. टाचेसाठी निम्मे, म्हणजे बत्तीस टाके वेगळे काढून त्यांवर पुढेमागे तितक्याच ओळी विणाव्यात. झिजण्याची जागा ती हीच, म्हणून येथे एक जादा पदर बरोबर घेतल्यास उत्तम. मग मधल्या टाक्यांवर वळणे घेत टाचेची वाटी करावी, दोन्ही कडांचे टाके उचलून पुन्हा गोल विणत पंजाकडे जावे, आणि बोटांशी टाके कमी करीत मोजा बंद करावा. एका जोडात वीस हजारांच्या घरात टाके येतात. रोज तासभर बसणाऱ्यास सुमारे तीन आठवडे पुरावेत. कापूस ओला झाला की दुबळा होत नाही, उलट अधिक बळकट होतो. म्हणून असा मोजा धुण्याला भीत नाही.

शेवटी एक मुद्दा, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. १९५६ च्या खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कायद्यात खादीची व्याख्या दिलेली आहे. हाताने कातलेल्या सुती, रेशमी किंवा लोकरी सुताचे हातमागावर विणलेले कापड, ते खादी. कायद्याच्या मूळ इंग्रजी शब्दांना आपल्या 'विणणे' या शब्दाची उदारता नाही. तेथे मागावरचेच विणणे अभिप्रेत आहे. म्हणजे स्वतः कातलेल्या सुताचा, स्वतः विणलेला मोजा कायद्याच्या अक्षराप्रमाणे खादी ठरत नाही! सेवाग्रामात १९६९ साली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. तेथील विद्यार्थी व अध्यापक खादी वापरतात, हा त्या संस्थेचा लौकिक आहे. परंतु खादी वापरणारा मनुष्य कोठलाही असो, घोट्यापर्यंत येताच त्याला बहुधा यंत्रावरचा मोजा पत्करावा लागतो.

यावर कायदा बदलून घ्यावा असे कोणी सुचवील. मला त्याची निकड वाटत नाही. हातचा मोजा खादी म्हणून विकता येत नाही, यात त्याचे नुकसान काय झाले? वीस तासांच्या श्रमाची किंमत बाजार कधीच देणार नाही. असा मोजा करणाराने स्वतः वापरावा, अथवा ज्याच्यावर माया आहे त्याला द्यावा, एवढेच त्याचे बाजारमूल्य. आणि १९४४ साली सेवाग्रामात जो आग्रह धरला गेला तो तरी दुसरा काय होता? विकण्यासाठी नव्हे, वापरण्यासाठी कातावे! खादीच्या दुकानांना जे जमले नाही, ते दुकानात जाऊच न शकणारी ही लहानशी वस्तू सहज साधते.

दरवर्षी १२ फेब्रुवारीला पवनार येथे धाम नदीच्या काठी सर्वोदय मेळा भरतो. गांधीजींच्या अस्थी तेथे विसर्जित झाल्या. त्या दिवशी स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी अर्पण करण्याची प्रथा विनोबांनी घालून दिली. ही सूतांजली. वर्षाची एक गुंडी समाजासाठी. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी वडीलधाऱ्यांनी कातलेल्या गुंड्या पेटीच्या तळाशी, वाळ्याच्या पुडीशेजारी जपून ठेवलेल्या असतील. त्यांचे काय करावे हे पुढच्या पिढीला कळत नाही, आणि टाकून देण्यास मन होत नाही. त्यांतील दोन गुंड्या बाहेर काढा. सूत ताणून पाहा. चट्कन तुटले नाही, तर अजून ते विणण्याजोगे आहे. ज्यांनी ते कातले त्यांनी ते पूजेसाठी कातले नव्हते, अंगावर चढावे म्हणून कातले होते. येत्या हिवाळ्यात ते कोणाच्या तरी पायांत ऊब देऊ शकेल.